उत्तर माहीत असलेले प्रश्न

भिवंडी
४ सप्टेंबर १९९१

प्रिय मंदा,

तुझा जळगावचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. त्यांनी आधी विचारलं, "भांडण मिटलं का गं तुमचं?" मी हो म्हटलं. खोटं बोलले, पण पत्ता मिळाला.

कामाचंच लिहिते. लग्नाआधी जूनमध्ये तू पडघ्याच्या पुढच्या आश्रमशाळेत मुलांच्या बुद्धिचाचण्या घेतल्यास. त्यातली सोमी आठवते का? तिसरीतली, एका भुवईवर भाजल्याचा डाग आहे ती. तुझ्या अहवालात तिचा बुद्धिगुणांक अठ्ठावन्न आहे आणि खाली तुझं ते वळणदार अक्षर: "मतिमंद. सर्वसाधारण शाळेत शिकण्यास अयोग्य."

मुख्याध्यापक रामनाथ सर त्या ओळीवर बोट ठेवून बसलेत. दिवाळीच्या सुट्टीला ती घरी गेली की परत आणायची नाही, असं त्यांनी ठरवलंय. तिचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मग तीही जाणार, आणि एकदा विटा उचलायला लागलेली मुलगी पुन्हा पाटीकडे येत नाही, हे तुला मी सांगायला नको.

मागच्या आठवड्यात मी तिथे गेले होते. मुलं जेवायला बसली होती आणि सोमी आमटी वाढत होती. पहिल्या रांगेतच तिने एकदा पातेल्यात पाहिलं, एकदा मागच्या रांगांकडे पाहिलं आणि पळी अर्धी केली. कोणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकीणबाई "पुरायची न्हाय आज" म्हणून कपाळाला हात लावून बसल्या होत्या. आमटी शेवटच्या पोरापर्यंत पुरली.

एका पळीवरून बुद्धी ठरत नाही, असं तू म्हणशील. मीही तेच म्हणते. म्हणूनच पुन्हा चाचणी घ्यायला हवी. आपण मानसशास्त्र हा विषय घेतला तो कशासाठी? मला तरी आठवतंय. आमच्या वस्तीतल्या मुलांना मास्तर पहिल्याच दिवशी मागच्या बाकावर पाठवायचे, नाव ऐकून. चाचणी नाव ऐकत नाही, कपडे बघत नाही, सगळ्यांना तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारते. यासारखी न्यायाची गोष्ट मी दुसरी शिकलेले नाही.

पण आपल्या केंद्रप्रमुख आनंदीबाईंचा नियम तुला माहीतच आहे. पहिली चाचणी आठवत असते, म्हणून सहा महिन्यांच्या आत तीच चाचणी त्याच मुलाला द्यायची नाही. जिने घेतली तिनेच "चाचणी नीट झाली नाही" असं लिहून दिलं तरच देता येते. सहा महिने डिसेंबरात होतात. तोवर सोमी भट्टीवर असेल.

तुझ्या चार ओळी हव्यात. बाईंच्या नावाने लिही.

कमळ


२२ सप्टेंबर

मंदा,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं नाही असं मानून दुसरं लिहितेय. मिळालं असेल तर दोनदा वाच.

मी बाईंकडे जाऊन नियम मोडायला सांगितलं. शांतपणे बोलायचं ठरवून गेले होते. ते जमलं नाही. बाई म्हणाल्या, "कमळ, तुला ही मुलगी हुशार वाटते म्हणून पुन्हा घ्यायची. उद्या कुणाला एखादं मूल मठ्ठ वाटलं म्हणून पुन्हा घ्यायची. मग तुझ्यात आणि त्या मागच्या बाकाच्या मास्तरांत फरक काय?"

मी पिशवी उचलून घरी आले. तो प्रश्नही माझ्याबरोबर आला.

केंद्राचं म्हणशील तर खालच्या मजल्यावरचे यंत्रमाग तसेच खडखडतात. चाचणीला शांत खोली हवी असं पुस्तक म्हणतं, आणि भिवंडीत शांतता वीजमंडळ देईल तेव्हा मिळते. लाइट गेली की खालचे मुकादम अजून जिन्यातून ओरडतात, "मॅडम, मशीन बंद, अब लो इम्तिहान." आणि मी कुठल्यातरी पोराला घाईघाईने टेबलाशी बसवते. परवा ठोकळ्यांची आकृती अर्धी जुळली आणि लाइट आली. ते पोर दचकलं, ठोकळे सांडले. स्टॉपवॉच चालूच. त्याचा वेळ मी कुठे लिहायचा?

आमच्या घरात माझ्या कामाचं नाव अजून ठरलेलं नाही. बाबांना म्युनिसिपालिटीतले लोक विचारतात, "बाळाराम, तुझी पोरगी वेड्यांची डॉक्टर झाली का?" बाबा सांगतात, "न्हाय, ती शहाण्यांना तपासते. वेडे निघतात ते त्यातूनच." सगळे हसतात. मीही हसायचे. परवा हसू आलं नाही.

रामनाथ सर वाईट नाहीत, हेही लिहून ठेवते. चार इयत्ता, दोन शिक्षक. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, ही मतिमंद नाही तर वर्गात तोंड का उघडत नाही? आणि असेल, तर तिच्यासाठी वेगळा शिक्षक तुम्ही देता का?" कागदावर मतिमंद लिहिणं सोपं आहे. तिच्यासाठी ठाण्याला शाळा आहे म्हणतात, तिथे राहायची सोय नाही. म्हणजे अयोग्य म्हणायचं आणि योग्य जागा दाखवायची नाही. हाच जर चाचणीचा उपयोग असेल, तर मास्तर निदान फुकट तरी हाकलत होते.

रागावले आहे. तुझ्यावर अर्धीच.

कमळ


६ ऑक्टोबर

मंदा,

आज सोमीच्या पाड्यावर गेले होते. पडघ्यापर्यंत एस.टी., पुढे चालत. जे झालं ते आत्ताच लिहिते, नाहीतर मीच त्यावर विश्वास ठेवणार नाही.

तिची आई बुधी अंगणात पेंढा बांधत होती. मी वही काढली, पेन काढलं. आपल्याला शिकवलंय तसं, मुलाची पूर्वपीठिका लिहायची म्हणून. विचारलं, "सोमी चालायला कधी लागली?"

"म्हायीत न्हाय."

"बोलायला?"

"म्हायीत न्हाय."

"तिच्या वडिलांचं नाव?"

बुधीने माझ्याकडे पाहिलं आणि तेच उत्तर दिलं. नवऱ्याचं नाव घेत नसेल म्हणून मी पुढे गेले. "घरात माणसं किती?" म्हायीत न्हाय. आत तीन माणसं बसलेली मला दिसत होती.

मी वैतागून वही मिटली, पेन पिशवीत टाकलं आणि पाणी मागितलं. पाणी प्यायले. मग तिनेच सुरुवात केली. "लगीन झालंय का गं तुजं? न्हाय? मंग हितं कशाला हिंडतंस? आईस काय म्हनतं?" मी म्हटलं, आई रोज हेच विचारते. ती हसली. मग सोमीचं सगळं आपणहून सांगितलं. कधी चालली, कधी बोलली, शेकोटीत कशी पडली, बकरी हरवली तेव्हा पायाच्या ठशांवरून एकटी कशी शोधून आली. बापाचं नावसुद्धा सांगितलं, शेजारणीकडून वदवून.

मी विचारलं, "मग मघाशी माहीत नाही का म्हणालीस?"

"तुज्या हातात कागद व्हता."

"मग?"

"जंगलचा गार्ड येतो, तो कागद घिऊनच येतो. ही लाकडं कोनाची? त्याला म्हायीत असतंय कोनाची. दादला कुठं गेला? ते बी म्हायीत असतंय. आपल्या तोंडून काढायचं असतंय त्याला. ज्याला म्हायीत हाय तोच इचारतो, तो चांगल्यासाठी इचारत न्हाय. पोरांना पयलं हेच शिकवतो आमी. कागदवाला आला, का म्हायीत न्हाय म्हनायचं आन् हलायचं न्हाय."

मंदा, मी संध्याकाळी केंद्रात येऊन तुझी सोमीची उत्तरपत्रिका काढली. तू प्रत्येक उत्तर तिच्या शब्दांत जसंच्या तसं लिहिलंयस. तुझ्या कामात कधीच कसर नसते. "आठवड्याचे वार किती?" म्हायीत न्हाय. "गायीला पाय किती?" म्हायीत न्हाय. ज्या घरात गाय बांधलेली आहे त्या घरची मुलगी हे उत्तर देते आणि आपल्याला नवल वाटत नाही? सलग पाच उत्तरं चुकली की भाग थांबवायचा, म्हणून तू थांबवलास. पुढचा भाग, पुन्हा पाच, पुन्हा थांबवलास. ठोकळ्यांच्या वेळी तर ती हललीच नाही. आणि तू लिहिलंस, "प्रतिसाद नाही."

प्रतिसाद होता. आईने शिकवलेला धडा ती न चुकता म्हणत होती. समोर अनोळखी बाई, हातात कागद, विचारते ते सगळं तिला आधीच ठाऊक. आपली अख्खी चाचणी अशाच प्रश्नांची आहे. आपण गार्डसारखे दिसतो हे आपल्याला कोणत्या पुस्तकाने सांगितलं?

आता तरी लिहून दे. चाचणी बिघडली होती, हे आता वाटण्यावर राहिलेलं नाही.

कमळ


१७ ऑक्टोबर

मंदा,

तुझं पत्र मिळालं. तू चिडून लिहिलंस, पण लिहिलंस.

तू म्हणतेस, "मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. सूचना वाचून दाखवल्या. घड्याळ लावलं. थांबायचं तिथे थांबले. माझी चूक दाखव." मी तीन वेळा तुझी पत्रिका तपासली. तुझी चूक नाही. मी असते तर मीही हेच केलं असतं आणि अठ्ठावन्नच लिहिलं असतं. म्हणून तर माझा संताप होतो. चुकीचा माणूस सापडला असता तर त्याला बोलून मोकळी झाले असते.

तू म्हणतेस, तिथल्या इस्पितळात मानसशास्त्रज्ञाची जागा निघाली आहे, तुझा अर्ज गेला आहे, आणि "स्वतः घेतलेली चाचणी बाद" असं स्वतःच लिहून दिलं तर तुला कोण घेईल. सासरी नोकरीसाठी किती बोलावं लागलं तेही लिहिलंस. खरं असेल. खरंच असेल. मी खोटं धरत नाही.

आणि तू म्हणतेस, "तुला नेहमी दुसऱ्याच्या हातून पुण्य करायचं असतं." हे वाक्य मात्र तुझ्या जुन्या भांडणातलं आहे. मार्चमध्येही तू हेच म्हणाली होतीस, एका दिवसात सहा मुलं घेऊ नकोस असं मी सांगितलं तेव्हा. त्यावर आज मी भांडणार नाही, कारण या वेळी ते खरं आहे. मला तुझ्याच हातून हवंय. माझ्या हाताला इथे किंमत नाही.

इतकंच विचारते. चाचणी म्हणजे काय, याची आपण पाठ केलेली व्याख्या तुला येते: ठरावीक परिस्थितीत घेतलेला वर्तनाचा नमुना. सोमीच्या बाबतीत आपण नमुना कसला घेतला? बुद्धीचा का भीतीचा? कापडाच्या गजाने मीठ मोजलं तर गज मोडका नसतो, आणि मोजणाराही लबाड नसतो. तरी आकडा फेकून द्यावा लागतो. आकडा फेकणारी बाई अडाणी ठरते का? मला वाटतं, इस्पितळाला अशीच बाई हवी असली पाहिजे. पण इस्पितळं माझ्या वाटण्यावर चालत नाहीत, हे मलाही कळतं.

सुट्टी एक नोव्हेंबरपासून आहे. मी यापुढे या विषयावर पत्र लिहिणार नाही.

कमळ


२० नोव्हेंबर

प्रिय मंदा,

तुझं बाईंच्या नावाचं पत्र पंचवीस ऑक्टोबरला आलं. बाईंनी ते उभ्यानेच वाचलं आणि माझ्याकडे दिलं. मला वाटलं होतं चार ओळी असतील. तू दोन पानं लिहिलीस, आणि एकट्या सोमीबद्दल नाही. "त्या तीन दिवसांत मी या शाळेत घेतलेल्या सर्व चाचण्या ग्राह्य धरू नयेत. कारण एकीला जे शिकवलं होतं ते बाकीच्यांनाही घरी शिकवलेलं असणार, आणि मी ते कुणालाच विचारलेलं नाही."

खरं सांगू, आधी मला तुझा राग आला. मी एक मुलगी सोडवत होते, तू सगळ्यांचं ओझं पाठवून दिलंस. ते पुढे सांगते. आधी सोमी.

सुट्टीच्या आधी तीन दिवस मी शाळेतच राहिले. चाचणीची पेटी उघडली नाही. मुलांबरोबर पाणी भरलं, भाजी निवडली. चौथ्या दिवशी तिला वर्गखोलीत घेऊन बसले. पत्रिका काढल्याबरोबर तिचा चेहरा बंद झाला. दार लावल्यासारखा.

शब्द बदलायचे नाहीत, हे मी मोडलं नाही. पण पहिल्या प्रश्नाच्या आधी बोलायला मनाई नाही. ती म्हणाली, "तुला म्हायीत हाय ना सगळं? मंग मला का इचारतंस?"

मी म्हटलं, "मला उत्तरं माहीत आहेत. पण तुला येतात का, ते मला माहीत नाही. ते फक्त तूच सांगू शकतेस."

"ते कशाला पायजे?"

"सर म्हणतात तुला काही येत नाही, म्हणून तुला शाळेतून काढायचं. मला ते पटत नाही. पण मी म्हणून चालत नाही."

तिने पत्रिकेकडे पाहिलं. मग म्हणाली, "ती पयली बाई असं बोलली न्हाय. आदी सांगाया पायजे ना." आणि पाय वर घेऊन मांडी घातली. "इचार."

आपल्या पुस्तकात हे कुठेही नाही, मंदा. चाचणी कशासाठी आहे हे मुलाला खरं सांगा, असं एक वाक्य नाही.

तिने उत्तरं दिली. ठोकळ्यांची शेवटची आकृती सोडून सगळ्या जुळवल्या. तोंडी प्रश्नांत मात्र माझा जीव गेला. "घराला आग लागलेली दिसली तर काय करशील?" ती म्हणाली, "गुरं सोडीन." पुस्तकात गुण आहेत विझवण्याला, मोठ्यांना सांगण्याला. गुरांना गुण नाहीत. "पत्रावर तिकीट का लावतात?" म्हणाली, "आमच्याकडं पत्र येत न्हाय." शून्य. मी दोन्हीकडे शून्य लिहिलं. खाडाखोड करायची इच्छा इतकी झाली की पेन खाली ठेवून हात मांडीखाली घेतले. पण मी गुण वाढवले असते तर बाईंच्या त्या प्रश्नाला मला कधीच उत्तर देता आलं नसतं.

ब्याऐंशी आले. तीच मुलगी, तीच चाचणी, चार महिने. मधे फक्त एक वाक्य. आता तू मला सांग, लोक या आकड्याला वजनासारखं का घेतात?

रामनाथ सरांनी अहवाल वाचला आणि म्हणाले, "ब्याऐंशी ना? मग काही अडचण नाही." इतकं सोपं. सुट्टी संपल्यावर सोमी परत आली आहे. गणितात अजून तोंड उघडत नाही. खडू उघड्या हातावर घासते आणि भुकटी सरांच्या अंगावर उडवते, असं सरच तक्रारीच्या सुरात सांगत होते. मला ऐकून बरं वाटलं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

आता तुझं ओझं. त्या तीन दिवसांतल्या मुलांपैकी बाकीचे शाळेतच आहेत. दोघे नाहीत: वाघ्या आणि त्याचा धाकटा भाऊ देवू. तुझ्या अहवालांवरून त्यांची नावं ऑगस्टमध्येच कमी झाली. मला हे माहीत होतं का? पटावर दोन नावं खोडलेली मी पाहिली होती, आणि सोमीच्या मागे असल्यामुळे विचारलं नव्हतं. मुलं आता पडघ्याच्या अलीकडे एका भट्टीवर आहेत.

मी रामनाथ सरांना म्हटलं, अहवाल बाद झालेत, मुलांना परत घ्या. ते म्हणाले, "अहवाल बाद झाला, पण नाव कमी झालं ते झालं. नव्याने घ्यायचं तर नवा अहवाल लागेल." बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "शाळेने पाठवलेल्या मुलांचीच चाचणी आपल्याला घेता येते. ही शाळेत कुठे आहेत?" म्हणजे चाचणीशिवाय शाळा नाही आणि शाळेशिवाय चाचणी नाही. मी हे दोघांनाही समजावून सांगितलं. दोघांनाही समजलं. दोघेही म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आणि कुणी हललं नाही.

शेवटी मी बाईंना सांगितलं, की येत्या रविवारी मी पेटी घेऊन भट्टीवर जाणार आहे. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला बाहेर गेल्या.

तिथे टेबल नसेल, शांतता नसेल. मुलांचा बाप काम सोडून किती वेळ बसू देईल, ठाऊक नाही. मी आधी कशासाठी आले ते सांगेन, मग विचारेन. गुण पुस्तकाप्रमाणेच देईन. पण या वेळी "गुरं सोडीन" अशासारखी जी उत्तरं येतील, त्यांना पुस्तकाने गुण का दिले नाहीत, हे अहवालात वेगळं लिहीन. असा अहवाल शाळा घेईलच असं नाही. बहुधा घेणार नाही. मग मी तो ठाण्याला वरच्या ऑफिसात घेऊन जाईन आणि तिथे बसून राहीन.

तुझ्या पत्रात इस्पितळाच्या जागेबद्दल काही नाही. मी विचारत नाही.

मुलांच्या अहवालावर दोन सह्या लागतात, हे तू जाणतेस. एक चाचणी घेणाऱ्याची, एक ती बरोबर घेतली असं बघणाऱ्याची. बाई करणार नाहीत, आणि त्यांची अडचण मला कळते. तू अजून केंद्राच्या यादीत आहेस. मी आज चौकशी केली, तुझं नाव काढलेलं नाही. जळगावहून रात्रीची गाडी पहाटे कल्याणला येते. तिथून कोन गावावरून भिवंडीची एस.टी. मिळते. रविवारी सकाळी मी स्टँडवर थांबेन.

आली नाहीस तरी मी जाणार आहे. दुसऱ्या सहीची जागा मोकळी ठेवीन.

तुझी,
कमळ